तळाकडून वाचायची भांडी

मलिक अहमद निजामशहाने १४९४ मध्ये भिंगारजवळ, सीना नदीच्या काठी नवे शहर वसवायला घेतले, तेव्हा चीनच्या गादीवर मिंग घराण्याचा होंगझी सम्राट होता. त्याची कारकीर्द १४८८ ते १५०५ अशी सतरा-अठरा वर्षांची. चिनी मातीच्या भांड्यांचे जाणकार त्याचे नाव घेतात ते त्याच्या राज्यकारभारासाठी नाही, तर एका रंगासाठी. त्याच्या काळातल्या जिंगदेझेनच्या शाही भट्ट्यांतून बाहेर पडलेली पिवळी झिलई इतकी सारखी, पातळ आणि कोवळी आहे की पुढच्या चारशे वर्षांतल्या प्रत्येक पिवळ्या भांड्याची तुलना तिच्याशी होत आली. आपले नगर आणि तो पिवळा रंग एकाच दशकातले. अहिल्यानगर जिल्ह्यात बसून ड्रॅगनच्या चिनी भांड्यांवर मराठीत का लिहायचे, असे ज्याला वाटेल, त्याच्यासाठी मी या समकालीनतेपासून सुरुवात करतो. समुद्र मध्ये असला तरी ही दोन जगे एकमेकांना ओळखत होती.

ओळख झाली ती चौलच्या वाटेने. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. त्याच्या प्रवासवर्णनात भारतातल्या बंदरांबरोबर चीनचाही उल्लेख येतो: तिथे चिनी भांडी बनतात, वजनावर विकली जातात आणि स्वस्त असतात. निकितिन स्वतः चीनला गेला नव्हता. हे त्याने आपल्याकडच्या व्यापाऱ्यांकडून ऐकले. म्हणजे बहमनी काळातच चीनमधल्या भांड्यांचा भाव ही आपल्या बाजारातली बोलण्याची गोष्ट होती. त्याच जुन्नरहून पुढे मलिक अहमदने राज्य उभे केले आणि चौल हे त्या राज्याचे समुद्राकडचे दार झाले.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का घेतले. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी चौलला किल्ला बांधायला घेतला, आणि १५५७ च्या सुमारास मकाव येथे त्यांचा जम बसला. यानंतर जिंगदेझेनची पेटी मकावहून मलाक्का, तिथून गोवा आणि चौल अशी येऊ लागली. वरचे चौल निजामशाहीचे, खालचे रेवदंड्याचे चौल पोर्तुगीजांचे. दोघांत कधी तह, कधी वेढा. मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये घातलेला वेढा तर अनेक महिने चालला आणि शेवटी उठवावा लागला. व्यापार मात्र या भांडणांतूनही वाट काढत राहिला. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना चौलच्या उत्खननात चिनी भांड्यांच्या खापऱ्या सापडल्या आहेत. गोव्याच्या किनाऱ्यालगत सुंची रीफ येथे १७व्या शतकातल्या फुटलेल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने शोधले, त्यात हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, मर्तबानची रांजणे आणि चिनी भांड्यांचे तुकडे एकत्र होते. एका जहाजाच्या पोटात आफ्रिका, ब्रह्मदेश आणि चीन शेजारी-शेजारी. त्या काळातला कोकणचा व्यापार समजून घ्यायला एवढे एक जहाज पुरे आहे.

दरबारात या भांड्यांना मान कसा मिळाला, यासाठी इराणकडे पाहावे लागते. बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिरच्या प्रभावाने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला आणि इराणच्या सफवी दरबाराशी नगरचे संबंध घट्ट झाले. त्या जगात चिनी भांडी जमवणे हे राजेपणाचे लक्षण होते. शाह अब्बासने १६११ मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला हजारांहून अधिक चिनी भांडी अर्पण केली आणि त्यांच्यासाठी कोनाड्या-कोनाड्यांचे खास दालन करून घेतले. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही दहा हजारांहून अधिक चिनी नग आहेत. दख्खन याच साखळीतला. विजापूरच्या गोल घुमटाजवळच्या वस्तुसंग्रहालयात आदिलशाही काळातली चिनी भांडी आजही पाहता येतात. देवगिरीच्या किल्ल्यात तर चिनी महाल उभा आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-पिवळ्या झिलईच्या फरशा होत्या, त्यांतल्या काही अजून टिकून आहेत. त्या फरशा चीनमधून आलेल्या नाहीत. पण भिंतीला तशी चकाकी यावी ही हौस कुठून आली, ते महालाचे नाव सांगते. आणि दख्खनमध्ये ‘गोरी’ म्हणून ओळखली जाणारी हिरवट झिलईची जाड ताटे विषारी अन्न वाढताच तडकतात अशी दरबारी मंडळींची श्रद्धा होती. तिला काहीच आधार नाही, परंतु त्या श्रद्धेमुळे अनेक ताटे पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली.

नगरचा किल्ला १६०० मध्ये मोगलांकडे गेला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. दरबारी चीजवस्तू पांगली. म्हणून आपल्या भागातला संग्राहक एखाद्या अखंड खजिन्याचा वारस नाही. त्याच्या वाट्याला येतात त्या सुट्या वस्तू: जुन्या वाड्यातली एक थाळी, पुण्याच्या जुन्या बाजारातले झाकण नसलेले भांडे, मुंबईच्या चोर बाजारातली कडेला टवका उडालेली वाटी. अशी सुटी वस्तू हातात आली की पहिला प्रश्न येतो तो तिच्यावरच्या ड्रॅगनचा. नखे किती? पाच असतील तर सम्राटाची! या पुस्तकाचा सगळा खटाटोप हा प्रश्न थोडा मागे ढकलण्यासाठी आहे.

ड्रॅगनबद्दल मात्र आधी चार शब्द बोलायलाच हवेत, कारण युरोपीय गोष्टींतून आपल्याकडे आलेला आग ओकणारा, खजिन्यावर वेटोळे घालून बसलेला राक्षस आणि चिनी भांड्यांवरचा ड्रॅगन यांचा काही संबंध नाही. चिनी ड्रॅगन पाण्यात राहतो, ढगांत चढतो आणि पाऊस पाडतो. अवर्षणात सम्राटापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे ड्रॅगनराजाची आळवणी करत. म्हणूनच भांड्यांवर तो लाटांमधून उसळताना किंवा ढगांतून ज्वाळांनी वेढलेल्या मोत्यामागे धावताना दिसतो. बौद्ध ग्रंथांबरोबर आपली नागराजाची कल्पना चीनला पोचली आणि तिथल्या ड्रॅगनमध्ये मिसळून गेली, तेव्हा हा प्राणी आपल्याला अगदीच परका नाही. पर्जन्यछायेत राहणाऱ्या, १९७२ चा दुष्काळ घराघरांत आठवणाऱ्या पारनेर-पाथर्डीच्या माणसाला या चित्राचा अर्थ लंडनच्या संग्राहकापेक्षा लवकर कळेल असे मला मनापासून वाटते. राजाचे चिन्ह म्हणून पाऊस आणणारा प्राणी निवडणारी संस्कृती शेतीवर किती अवलंबून असेल, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता नखे. पाच नखांच्या ड्रॅगनवर सम्राटाचा हक्क सांगणारे हुकूम युआन राजवटीत, १४व्या शतकाच्या आरंभीच निघाले. मिंग आणि छिंग घराण्यांनी ते आणखी बारकाईने चालवले. छिंग राजवाड्यात तर रंगाचीही उतरंड होती. आतून-बाहेरून पिवळी भांडी सम्राट, राजमाता आणि पट्टराणी यांची. पहिल्या दर्जाच्या उपराणीला बाहेरून पिवळी, आतून पांढरी. तिच्या खालच्या दर्जाला पिवळ्या जमिनीवर हिरवे ड्रॅगन. त्याखाली निळ्या जमिनीवर पिवळे ड्रॅगन आणि आणखी खाली हिरव्या जमिनीवर जांभळे. जेवणाच्या ताटाकडे पाहून बाईचा दरबारातला दर्जा कळत असे. रंगीत झिलईची ड्रॅगनभांडी गोळा करणाऱ्याला ही उतरंड पाठ असावी, कारण तिच्यामुळे रंगांच्या जोड्या यदृच्छेने आलेल्या नाहीत हे ध्यानात येते.

पण नियम होते, म्हणूनच ते मोडलेही गेले. निर्यातीच्या भांड्यांवर, खासगी भट्ट्यांच्या मालावर पाच नखे सर्रास आढळतात. १९१२ मध्ये राजेशाही संपल्यावर तर कुणीही कितीही नखे काढायला मोकळा झाला. तळावरच्या राजचिन्हाचेही तेच. ‘महान मिंग, शुआंदे कारकिर्दीत बनवले’ अशा अर्थाची सहा अक्षरे तळाशी असली, तर त्यावरून एवढेच कळते की लिहिणाऱ्याला शुआंदे काळाबद्दल आदर होता. कांगशी सम्राटाच्या काळातले कारागीर दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगहुआ सम्राटाची अक्षरे बिनदिक्कत लिहीत. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर चालू सम्राटाचे नाव घालायलाच बंदी केली, फुटलेल्या भांड्याबरोबर सम्राटाचे नाव पायदळी येऊ नये म्हणून. पुढे १९व्या शतकाअखेरीस कांगशीचे नाव घातलेल्या भांड्यांचा पूर आला. फसवणूक हा त्यामागचा एकच हेतू नव्हता. आपल्याकडचा मूर्तिकार जुन्या घडणीची मूर्ती घडवतो, तशी तीही पूर्वजांना दिलेली मानवंदना होती. विकत घेणाऱ्याचे नुकसान मात्र दोन्ही परिस्थितींत सारखेच.

मग विश्वास ठेवायचा कशावर? मातीवर, आचेवर आणि झिलईवर. नखांची नक्कल एका दुपारी होते. आच अशी सहज उतरवता येत नाही. जिंगदेझेनच्या भांड्यात दोन द्रव्ये असतात, पांढरी काओलीन माती आणि दळलेला एक विशिष्ट दगड. सुमारे १३०० अंश सेल्सियसला ती एकजीव होतात, भांडे काचेसारखे घट्ट होते आणि टिचकी मारली तर स्वच्छ नाद देते. झिलईचे रंग खनिजांतून येतात, पण एकच खनिज भट्टीतल्या हवेप्रमाणे वेगळे वागते. हवा कोंडलेल्या, धुराने भरलेल्या भट्टीत थोडेसे लोह हिरवट-निळसर छटा देते, तीच ‘गोरी’ ताटांची. तांबे अशाच कोंडलेल्या आचेत लाल होते आणि हवा जरा जास्त झाली की करडे किंवा हिरवे पडते. म्हणूनच खरा तांबडा घडा मिळवणे कारागिराला फार महाग पडे. एका उत्तम नगामागे कितीतरी नग वाया जात. कोबाल्ट त्या मानाने आज्ञाधारक, त्यामुळे निळी-पांढरी भांडी जगभर पोचली. पिवळी आणि गडद हिरवी झिलई प्रचंड आच सोसत नाही. ती शिशाच्या आधाराने, दुसऱ्या भाजणीत, कितीतरी कमी आचेवर बसवावी लागते.

हिरव्या ड्रॅगनची पांढरी थाळी कशी बनते ते पाहिले की संग्राहकाची नजर कायमची बदलते, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. होंगझी आणि त्याच्यानंतरचा झेंगदे यांच्या काळात कारागीर ओल्या मातीवर अणकुचीदार हत्याराने ड्रॅगन कोरत. मग बाकीच्या थाळीवर पारदर्शक झिलई चढवत, ड्रॅगनची आकृती मात्र कोरडी ठेवत. पहिल्या मोठ्या आचेत थाळी पांढरीशुभ्र, चकचकीत होई आणि तिच्यात ड्रॅगनच्या आकाराची खरखरीत, बिनझिलईची जागा राही. त्या जागेत हिरवा रंग भरून थाळी पुन्हा मंद आचेत जाई. परिणामी हिरव्याखालून कोरलेले खवले दिसतात, आणि बोट फिरवले तर पांढरा व हिरवा यांच्या सीमेवर अगदी हलकी पायरी लागते. चकचकीत पृष्ठभागावर नुसता रंग लावून केलेल्या नकलेत ती पायरी नसते. डोळ्यांपेक्षा बोट इथे जास्त खरे सांगते.

औरंगजेब १७०७ मध्ये भिंगारला वारला, तेव्हा चीनमध्ये कांगशीची दीर्घ कारकीर्द चालू होती आणि बंडाच्या धामधुमीत उद्ध्वस्त झालेल्या जिंगदेझेनच्या भट्ट्या पुन्हा जोरात पेटल्या होत्या. आंत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ आणि १७२२ मध्ये तिथून लिहिलेल्या पत्रांत ही सारी प्रक्रिया नोंदवली. एक भांडे पुरे होईपर्यंत सत्तर जणांच्या हातांतून जाते, असे त्याने लिहिले आहे. एक जण फक्त कडेची रेघ ओढणार, दुसरा फक्त डोंगर रंगवणार, तिसरा फक्त झिलईत बुडवणार. याच काळाच्या शेवटी सोन्यापासून मिळणारा गुलाबी रंग चिनी कारागिरांच्या हाती आला. तेव्हा ठसठशीत गुलाबी ड्रॅगन असलेले आणि तळाशी मिंग काळाची अक्षरे मिरवणारे भांडे समोर आले, तर वाद घालायची गरज उरत नाही. १७२० च्या आसपासच्या आधी तो रंग चीनमध्ये नव्हताच.

भांडे उलटे करण्याची सवय ज्याला लागली तो अर्धा जाणकार झाला. तळाच्या कड्यावर झिलई नसते, तिथे माती उघडी दिसते. जुन्या भांड्यांत या उघड्या मातीच्या कडेला लोहामुळे नारिंगी झाक आलेली असते. दक्षिण चीनच्या झांगझौ भागातल्या निर्यात-मालाच्या तळाला भट्टीतली जाड वाळू चिकटलेली असते, आणि हाच ठोकळ माल आशियाच्या बंदरांत मोठ्या प्रमाणावर जाई. झिपरी कड, असमान झीज, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खळग्यांचा पृष्ठभाग, हे सगळे तळाशी आणि आतल्या वळणांवर सापडते. नकली माल विकणारे भांडे चहाच्या पाण्यात बुडवतात, आम्लाने चकाकी मारतात, कडेला मुद्दाम टवके उडवतात. पण वापराची झीज हात लागतो, ताट घासले जाते, भांड्यावर भांडे बसते तिथेच पडते. सगळीकडे सारखी पडलेली झीज संशयास्पदच समजावी. धातूच्या चिमट्यांनी सांधलेल्या जुन्या भांड्याला मात्र कमी लेखू नका. कुणीतरी ते फेकून न देता दुरुस्त करून घेतले, हा त्याच्या मोलाचा पुरावा आहे.

नगरबद्दल एक विशेष गोष्ट. १८०३ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि पुढे भिंगारला छावणी वसली. छावणीच्या शहरांत बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्यांचे सामान लिलावात निघे आणि गावातल्या घरांत येई. अशा वाटेने आलेल्या ज्या ड्रॅगनच्या किटल्या-कपबशा जुन्या कपाटांत असतात, त्यांतल्या बऱ्याचशा चिनी नसून जपानी असतात. राखाडी-काळ्या जमिनीवर उठावदार, जाडसर ड्रॅगन, त्याचे डोळे ठिपक्यांसारखे चमकणारे, आणि कप उजेडात धरला की काही वेळा तळात एका बाईचा चेहरा. हा १९व्या शतकाच्या अखेरीपासून पुढे जपानने निर्यातीसाठी बनवलेला माल. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने देशाचे नाव वस्तूवर घालणे सक्तीचे केल्यापासून तळाशी इंग्रजीत देशाचे नाव येऊ लागले, त्यामुळे ‘चायना’ किंवा ‘निप्पॉन’ असा शिक्का असलेले भांडे त्याआधीचे नसणार हे गृहीत धरता येते. आजीची किटली जपानी निघाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तिचा इतिहास छावणीचा आहे आणि तोही लिहून ठेवण्याजोगा आहे.

उत्तम नमुने पाहायचे असतील तर मुंबईला जावे. चीनशी व्यापार केलेल्या पारशी घराण्यांनी ही आवड तिथे रुजवली. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांची जहाजे कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात आणि चहा, रेशीम, चिनी भांडी घेऊन परतत. अफूचा उल्लेख इथे टाळणे मला पटत नाही. शोकेसमधल्या कित्येक सुंदर फुलदाण्यांच्या मागे ती आहे. सर रतन टाटा (निधन १९१८) आणि सर दोराबजी टाटा (निधन १९३२) यांचे संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, आणि त्यांतली चिनी दालने मराठी माणसाला एसटीच्या तिकिटात मिळणारी सर्वोत्तम शाळा आहे. पुस्तकातली छायाचित्रे कितीही चांगली असली तरी झिलईची खोली त्यांत येत नाही. काचेपलीकडच्या खऱ्या भांड्यासमोर दहा मिनिटे उभे राहिल्यावर ती येते.

वस्तू कुठून आली हा प्रश्न शाही भांड्यांच्या बाबतीत आणखी टोकदार होतो. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला. त्या फौजेत हिंदी शिपायांच्या पलटणीही होत्या. १९०० मध्ये पुन्हा तेच घडले. पिवळ्या ड्रॅगनभांड्यांची पश्चिमेकडे जी लाट गेली ती बरीचशी या लुटींतून. म्हणून कागदपत्रांशिवाय ‘राजवाड्यातले’ म्हणून विकायला आलेले भांडे खोटे असेल तर पैसे गेले आणि खरे असेल तर ते कुणाच्या तरी घरातून ओरबाडलेले असू शकते. दोन्ही शक्यता लक्षात ठेवूनच पुढे जावे.

आपल्या कायद्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत पुरलेले काही सापडले तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो: दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. जिंगदेझेनमध्ये शाही भट्ट्यांनी सदोष म्हणून फोडून पुरलेली भांडी १९८० च्या दशकापासून उकरून, तुकडा-तुकडा जोडून उभी केली गेली, आणि मिंग काळाच्या झिलईबद्दलची कितीतरी जुनी मते त्यामुळे बदलली. एखादी खापरी किती बोलते हे तिथे दिसले. आपल्या जुन्या गढ्यांच्या, बागांच्या आणि घाटवाटांच्या परिसरात निळ्या किंवा हिरवट झिलईची खापरी दिसली तर ती खिशात टाकू नका. जागेवरच तिचे छायाचित्र घ्या, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवा, गाव आणि गट क्रमांक लिहा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. नगर आणि चौल यांच्यामधला रस्ता अशाच नोंदींतून नकाशावर आणता येईल.

पुढची प्रकरणे या क्रमानेच आहेत: आधी माती, मग झिलई, मग तळ, मग वस्तूचा प्रवास, आणि ड्रॅगन सर्वांत शेवटी. ज्यांना थेट शेवटच्या प्रकरणाकडे जायचे असेल त्यांनी निदान तिसरे प्रकरण वाचून जावे, आणि वाचताना घरातली एखादी चिनी मातीची बशी हाताशी ठेवावी. कोणतीही चालेल, ती उलटी करूनच सुरुवात करायची आहे.